वाळवंटात न्यायची सुरी

इथे अमेरिकेत, आमच्या रेडमंडला, ऑक्टोबरात पाऊस येतो तो मुक्कामालाच. दाराशेजारच्या खुंटीवर रेनकोट चढतात, गाडीतल्या पायपुसण्यांना कुबट वास येऊ लागतो आणि ऑफिसात जो तो दुसऱ्याला सांगतो, चला, आता मेपर्यंत हेच. याच ओलसर दिवसांत कधीतरी नवरात्र येऊन बसतं. काल इंडियन ग्रोसरीत झेंडू आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुदमरलेला, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडलेल्या. मी दोन पिशव्या उचलल्या आणि रांगेत उभी राहिले. पुढची बाई मैत्रिणीला फोनवर नऊ दिवसांच्या साड्यांचे रंग सांगत होती. नवरात्र आलं की लोकांना साड्या आठवतात, गरबा आठवतो. मला सुऱ्या आठवतात.

भाजी चिरायच्या नव्हेत, वाळवंटात न्यायच्या. सैनिकाने कमरेला नाहीतर बॅगेत बाळगायच्या. त्यांचं पोलाद कसं असावं, मूठ कशाची असावी, म्यान कसलं असावं, यावर मी अर्धा तास सहज बोलू शकते. एकदा एका बारशाला बोललेही आहे. लोक हळूच उठून जेवायला गेले. मी मूळची नागपूरची, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. माझं पोटच 'असं केलं तर काय होईल?' या प्रश्नावर चालतं. पण ही विद्या ऑफिसातली नाही. ती सगळी एका ऑक्टोबरात मिळाली. आमची मुलगी मुक्ता तेव्हा सुट्टीवर घरी आली होती, आणि सुट्टी संपली की अमेरिकन लष्कराबरोबर वाळवंटात जाणार होती. ती परत आली, ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. माझा जीव तेव्हा टांगणीला होता, पण त्याचं कारण निराळं होतं.

आमच्या घरात श्रीरंग आणि मुक्ता यांचं नातं भांडणावर उभं होतं. श्रीरंग म्हणजे माझा नवरा, पुण्याचा, आणि मुद्दा सोडणं हा त्याला पराभव वाटतो. मुक्ताने ते रक्तातच घेतलं. डिशवॉशरमध्ये वाट्या कुठल्या बाजूला लावायच्या, बटाट्याचं साल काढावं की ठेवावं, निवडणुकीत कोण खोटं बोलतंय, फ्रीवेवर डावी लेन कुणी वापरावी, कशावरही ती दोघं तासभर जुंपायची. तो मराठीत भांडायचा, ती इंग्रजीत. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळायचं आणि दोघंही आपली भाषा सोडायची नाहीत. शेवटी कुणीतरी फ्रीज उघडायचं, दुसऱ्यासाठीही काहीतरी काढायचं, आणि ते तिथेच मिटायचं. मला वाटायचं, आपल्या घरातला हा आवाज कधी बंद झाला तर मला झोपच लागणार नाही.

तो बंद झाला. कॉलेज संपल्यावर एका रविवारी, वरणभात जेवताना, मुक्ता म्हणाली, “सो, आय साइन्ड.”

“कशावर? अपार्टमेंट बघितलंस?” श्रीरंगने विचारलं.

“आर्मी,” ती म्हणाली.

त्याने पानातला भात संपवला, ताट विसळलं, हात पुसले आणि म्हणाला, “बरं.”

बास. त्यानंतर तो तिच्याशी सज्जनासारखा वागू लागला. “मुक्ता, दूध घेणार का?” “मुक्ता, गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.” तीही मग “थँक्यू बाबा” म्हणू लागली. ट्रेनिंगहून ती घरी यायची तेव्हा घरात पाहुणी आल्यासारखं वाटायचं. रागावला असता तर मी समजूत काढली असती. सभ्यतेची समजूत कशी काढायची? त्या ऑक्टोबरात ती आली तेव्हा मला एकच धास्ती होती की ही पोरगी बापाशी न भांडताच निघून जाईल. पुढे काही झालं, तर हे 'थँक्यू' आणि 'वेलकम'च आमच्याजवळ राहील.

ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग कॉफी गाळत होता. मुक्ता स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती आणि तिने अगदी सहज विचारलं, “बाबा, मला एक चांगला नाइफ घ्यायचाय, तिकडे न्यायला. तू सगळं रिसर्च करतोस ना? विच वन शुड आय गेट?”

हा माणूस रिव्ह्यू वाचल्याशिवाय झाडूही विकत घेत नाही. आमच्या टोस्टरच्या खरेदीला एक अख्खा उन्हाळा लागला होता. पोरीने दार कुठून ठोठावायचं ते बरोबर ओळखलं होतं. तो गाळणं तसंच धरून उभा राहिला, कॉफी थेंबथेंब ओट्यावर पडत राहिली, आणि मग तो म्हणाला, “बजेट काय आहे?”

आणि आमच्याकडे सुऱ्यांचा हंगाम सुरू झाला.

वाळवंटात माणसाला नक्की काय कापावं लागतं? मला पहिला प्रश्न हाच पडला. झाडं नाहीत, फांद्या नाहीत, शिकार करायची नाही. मुक्ताचं काम जनरेटर दुरुस्त करण्याचं. तळावर वीज चालू ठेवायची, म्हणजे तंबूत पंखे फिरतात, पाणी थंड राहतं, रेडिओ बोलतात. मी विचारलं तसं ती बोटांवर मोजायला लागली: खोकी, चिकटपट्टी, दोऱ्या, प्लॅस्टिकचे आवळपट्टे, वायरीवरचं रबर, जेवणाची पाकिटं. “मोस्टली खोकी, आई. वॉर इज अ लॉट ऑफ बॉक्सेस.” मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आम्ही इथे आलो तेव्हा पहिले काही महिने मीही खोकीच कापत होते. एवढी मोठी फौज, एवढी विमानं, आणि शेवटी कुणीतरी मांडी घालून चिकटपट्टी कापत बसलेलं असतं, हे कुणी आपल्याला सांगत नाही.

दुसरा प्रश्न श्रीरंगचा: घडीचा चाकू की सरळ पात्याची सुरी? घडीचा खिशात मावतो, दिसायला सभ्य. पण त्याला सांधा असतो, आणि वाळू सांध्यात शिरते. तेल लावावं तर वाळू त्याला चिकटते, न लावावं तर सांधा कुरकुरतो. श्रीरंगने व्हिडिओ बघितले. ट्रकमध्ये बसलेले दाढीवाले लोक त्यात दोर कापत होते, टायर कापत होते, एक जण तर कलिंगड कापून खात बसला होता. श्रीरंगचं समाधान झालं नाही. “वाळू म्हणजे कसली वाळू?” तो म्हणाला. “समुद्रावरची जाड वेगळी.”

“आमचे सीनियर्स म्हणतात टॅल्कम पावडरसारखी असते,” मुक्ता म्हणाली. “एव्हरीथिंग, एव्हरीव्हेअर. नाकात, दातात.”

थोड्या वेळाने देवघराच्या कपाटातला माझा रांगोळीचा डबा गायब झाला. तो सापडला गॅरेजमध्ये. श्रीरंगने पांढरी रांगोळी ट्रेमध्ये ओतून त्यात आपला जुना घडीचा चाकू पुरला होता, आणि बापलेक दोघं वाकून बघत होते. चाकू बाहेर काढून उघडला तेव्हा दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. झटकला, फुंकला, ब्रशने साफ केला, तरी तो आवाज गेला नाही. “फिक्स्ड ब्लेड,” मुक्ता म्हणाली. “फिक्स्ड,” श्रीरंग म्हणाला. एवढं त्यांचं किती दिवसांनी एकमत झालं होतं. मला मात्र एकमत नको होतं.

माझ्या माहेरी, नागपूरला, सुरी फक्त वाढदिवसाच्या केकसाठी असायची. भाजी विळीवर. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हातात धरून त्याच्याकडे न्यायची. आई एका पायाने पाट दाबून बसायची आणि गवारीच्या शेंगा बघता बघता संपायच्या. इथे आल्यावर सुरी हातात धरली तेव्हा सगळं उलटं झालं. भाजी स्वस्थ, पातं फिरतं. मी कितीतरी दिवस बोटं कापून घेतली. मुक्ताला सुरीच येते, विळी तिने फक्त आजीकडे बघितली आहे. लहानपणी तिला त्या वाकड्या पात्याची भीती वाटायची. तिला वाटायचं, ते आपल्याकडेच बघतंय.

पण एका बाबतीत आम्हा तिघांत मी जाणती ठरले. श्रीरंगला एक सुरी फार आवडली होती, मूठही पोलादाचीच, काळी कुळकुळीत, एकसंध. मी म्हटलं, हिला उन्हात कोण धरणार? पुण्याच्या माणसाला ऊन म्हणजे काय ते ठाऊक नसतं, पुण्याचे लोक रागावले तरी चालेल. नागपुरात मे महिन्यात दुपारी फाटकाची कडी रुमालाने धरून उघडायची. सायकलचं हँडल सावलीत आणून थोडा वेळ थांबायचं. नळाला येणारं पाणी चहाला ठेवावं इतकं कढत. उन्हात ठेवलेल्या लोखंडाला रंग नसतो, ते बघून कळत नाही, हात लावल्यावरच कळतं. हे मी मुक्ताला सांगत होते आणि ती लहान मुलीसारखी ऐकत होती. “मग तुम्ही काय करायचात?” तिने विचारलं. मी म्हटलं, दुपारी झोपायचो. “आर्मीत ते नाही चालत,” ती म्हणाली. मग आम्ही ठरवलं, मूठ लोखंडाची नको, काळीही नको. मातकट रंगाची, जराशी खडबडीत, घामाने न निसटणारी.

आकाराचा प्रश्न तिनेच सोडवला. तिच्या सार्जंटने बजावलं होतं, मोठं काही आणू नका. दरवेळी कुणीतरी नवखा हातभर लांबीचं पातं घेऊन येतो, आणि मग वर्षभर सगळे त्याला हसतात. शिवाय युनिटचा नियम होताच. खरी कामाची चीज म्हणजे तळहाताएवढं पातं. मला याची गंमत वाटली. सुरी म्हटलं की स्वयंपाकघर दिसतं, सुरा म्हटलं की दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. मधलं अंतर दोन बोटांचं. माझी मुलगी त्या दोन बोटांच्या अलीकडे राहणार की पलीकडे जाणार, हा प्रश्न मला त्या दिवसांत सारखा पडायचा, आणि तो विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं. म्हणून मी पोलादाबद्दल विचारत राहिले. श्रीरंगही तेच करत होता, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

शनिवारी आम्ही तिघं मासेमारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. बाहेर पाऊस, आत रबरी बुटांचा वास. काचेच्या कपाटात सुऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या. चौकड्यांचा शर्ट घातलेले पांढऱ्या दाढीचे एक आजोबा काउंटरवर होते. त्यांनी एकेक काढून हातात दिली. श्रीरंगने प्रत्येकीचं वजन बोटावर तोलून बघितलं, म्यानात घातली, काढली, परत घातली. चामड्याचं म्यान घाम पितं, प्लॅस्टिकच्या म्यानात वाळू राहते आणि पात्यावर ओरखडे येतात. मग तळाला भोक असलेलं प्लॅस्टिकचं बरं, वाळू झटकून टाकता येते. आजोबा खूश झाले. असं गिऱ्हाईक त्यांना रोज मिळत नसावं. त्यांनी हसत विचारलं, “आणि ही घेताय कुणासाठी?”

मुक्ता श्रीरंगच्या शेजारीच उभी होती. श्रीरंग म्हणाला, “फॉर अ ट्रिप. कॅम्पिंग.”

मुक्ता वळली आणि गळ बघायला निघून गेली. पलीकडच्या भिंतीवर माशांचे रंगीत गळ टांगलेले होते, ती त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला मासे पकडण्यात कवडीचाही रस नाही.

आम्ही गाडीत बसलो. वायपर चालू होते. लाल सिग्नलला थांबलो तेव्हा मागून ती म्हणाली, “कॅम्पिंग.” नुसता शब्द, वर ना प्रश्न ना राग. मी श्रीरंगकडे बघितलं. पूर्वीचा असता तर म्हणाला असता, मग काय सांगायला पाहिजे होतं? आणि मग घरापर्यंत धमाल झाली असती. त्याने आरशात बघून विचारलं, “सीटबेल्ट लावलायस ना?” “येस, बाबा. थँक्यू,” ती म्हणाली. मला त्या क्षणी दोघांनाही गाडीतून उतरवून पावसात उभं करावंसं वाटलं.

सुरी शेवटी घेतली ती दुसरीच, मागवलेली. त्यात श्रीरंगचं एक लाडकं तत्त्व होतं. स्टेनलेस गंजत नाही, पण बोथट झालं की धार लावताना जीव जातो. साधं कार्बनचं पोलाद गंजतं, पण चटकन धार घेतं, कुठल्याही दगडावर. वाळवंटात दमटपणा कुठला? म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही. सगळं तर्काला धरून होतं. मातकट मूठ, तळहाताएवढं पातं, मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं. ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरी आली. श्रीरंगने त्या सुरीने वर्तमानपत्राचा कागद कापून बघितला, मग टोमॅटो, मग स्वतःच्या मनगटावरचे केस. नंतर ती माझ्या हातात पडली.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. माहेरी वडिलांची मोजमापाची टेप असायची, ते सर्वेक्षणाच्या कामाला होते. आईची विळी असायची, भावाची कंपासपेटी असायची. इथे लॅपटॉप असतात, गाडीच्या किल्ल्या, माझी कात्री, श्रीरंगचा ड्रिल. त्या वर्षी पाटावर सुरीही ठेवली. मी मनापासून पूजा केली, खोटं कशाला बोलू? हळद पाण्यात कालवून लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि पात्यावर एक टपोरा, पाण्याने निथळणारा झेंडू ठेवला. मनात म्हटलं, बाई, तू खोकीच काप. आमच्याकडची रीत अशी की नवमीला मांडलेलं दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, त्याला हातही लावायचा नाही. लॅपटॉप नाही म्हणून श्रीरंगने रजा टाकली होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता, हीटर अजून चालू केला नव्हता.

दसऱ्याला झेंडू उचलला तर खाली नारिंगी डाग. आधी वाटलं, फुलाचा रंग उतरला. पुसला तर जाईना. कुंकवाच्या बोटाखालीही तसाच, हळदीखालीही तसाच. वाळवंटासाठी विचारपूर्वक निवडलेलं पोलाद रेडमंडच्या देवघरात गंजलं होतं.

तेव्हा मला आई दिसली. विळीची पूजा करण्याआधी ती पात्यावरून तेलाचं बोट फिरवायची. दरवर्षी. मला तो पूजेचाच भाग वाटायचा, तेल, हळद, कुंकू या क्रमातला. तो लोखंड राखण्याचा भाग होता. इतकी वर्षं सगळं स्टेनलेस वापरून आम्ही पूजा ठेवली आणि तेल विसरलो.

श्रीरंग ओरडला. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात कुणी ओरडलं. “अगं, कार्बन स्टील आहे ते! पाणी लावतात का त्याला?” तो मला ओरडत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी उत्तर द्यायलाही विसरले. मुक्ता हसत सुटली. “बाबा, चिल. देअर्स होली रस्ट ऑन माय नाइफ.” तो तिच्याकडे वळला, तोंड उघडलं. मग त्याने तोंड मिटलं आणि सुरी घेऊन गॅरेजमध्ये गेला.

ती त्याच्या मागून गेली. मी चहा करून नेला तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं आणि पावसाची सर आडवी येत होती. श्रीरंग बारीक पॉलिश पेपरने पातं घासत होता, मुक्ता शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन थेंबथेंब सोडत होती. दोघांच्याही माना सारख्या वाकड्या. मी कप ठेवले आणि उगाच तिथल्या कपाटातलं सामान लावत राहिले.

“ही फक्त खोकी कापायला?” श्रीरंगने मान वर न करता विचारलं.

“मोस्टली.”

“मोस्टली म्हणजे?”

“बाबा, आय फिक्स जनरेटर्स. तुला माहितीये.”

“मी वेगळं विचारलं.”

तिने बाटली खाली ठेवली. “आय नो तू काय विचारलंस. आय होप नॉट. ही त्यासाठी वापरायची वेळ आली ना, तर त्याच्याआधी खूप काही चुकलेलं असेल.”

माझा प्रश्न त्याने विचारला होता, आणि उत्तर मलाही मिळालं होतं. त्या उत्तरात दिलासा नव्हता, पण ते खरं होतं. मी खिळ्यांचा डबा उगाच उघडून मिटला.

श्रीरंगचा हात पात्यावरून फिरत राहिला. मग तो म्हणाला, “आम्ही इथे कशासाठी आलो होतो, मुक्ता?”

“तुम्ही आलात, बाबा. मी इथेच होते,” ती म्हणाली. तिने हे मराठीत म्हटलं. “मी कुठून आले नाही. आय ॲम फ्रॉम हिअर.”

मी थांबले. आता, मी मनात म्हटलं, आता बोल. या वाक्यावर तर महिनाभर भांडता येईल. पण तो म्हणाला, “चहा घे, थंड होतोय.” आणि तिने तो घेतला.

डाग पूर्ण गेला नाही. झेंडूच्या जागी फिकट तपकिरी ठसा राहिला. श्रीरंग दुसरी मागवायला निघाला होता, तर तिने अडवलं. तिथे सगळ्यांच्या सुऱ्या एकसारख्या दिसतात म्हणे, आपली कुठली ते कळलेलं बरं. तिच्या या व्यवहारी बोलण्याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं. मी असते तर डागाला अर्थ लावत बसले असते.

तिच्या निघण्याच्या सकाळी बॅगा दाराशी होत्या. सुरी मोठ्या बॅगेत जायची, केबिनमध्ये चालत नाही, पण ती शेवटपर्यंत डायनिंग टेबलावरच राहिली होती. मी दही-साखर तिच्या हातावर ठेवली. श्रीरंग म्यान उलटं करून झटकत होता, वाळू नसताना. मग त्याने सुरी उचलली.

आमच्या घरात सुरी, कात्री कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. हातात दिली तर दोघांत भांडण होतं म्हणतात. श्रीरंग देवळात जात नाही, पत्रिका मानत नाही, पण हे पाळतो. त्याच्या आईने लावलेली सवय. मुक्ताही इथे जन्मूनसुद्धा पाळते. शाळेत एकदा मैत्रिणीने कात्री पुढे केली तर ही टेबलाकडे बोट दाखवत उभी राहिली होती. तर आताही तिने सवयीने टेबलाकडे हात नेला, तो खाली ठेवील म्हणून.

त्याने ठेवली नाही. मूठ तिच्याकडे करून धरून राहिला.

“बाबा,” ती म्हणाली, “हातात नको. भांडण होईल.”

“होऊ दे,” तो म्हणाला. “आपलं राहिलंय. ते करायला परत ये.”

तिने हात पुढे केला आणि सुरी घेतली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मी बॅगेची चेन उघडून धरली.

त्यानंतरचा काळ कसा गेला ते मी लिहीत नाही. फोन असायचे, त्यात जनरेटर असायचे आणि वाळू असायची. श्रीरंग तिला उन्हाबद्दल विचारायचा, जेवणाबद्दल विचारायचा, धार कशी आहे विचारायचा. दुसरं काही त्याने फोनवर काढलं नाही, आणि तिनेही नाही.

ती परत आली तेव्हा आम्ही दोघं विमानतळावर गेलो होतो. ती काळवंडली होती, गाल बसले होते, केसांना तेल नव्हतं. मी तिला धरून रडले. श्रीरंगने बॅग उचलून पाठीला लावली, म्हणाला, “जड आहे,” आणि पार्किंगकडे चालू लागला. ती पुढे त्याच्या शेजारी बसली, मी मागे. दुपार होती, पाऊस होताच. पहिली काही मिनिटं त्याने रस्त्याबद्दल विचारलं, तिने विमानाबद्दल सांगितलं. मग त्याने लेन बदलली.

“बाबा, तू अजूनही इंडिकेटर देत नाहीस.”

“दिला होता.”

“यू डिड नॉट.”

“सही करायच्या आधी विचारावंसं नाही वाटलं तुला?” तो म्हणाला. मधे काही नाही. इंडिकेटरवरून थेट तिथेच.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो.”

“देन व्हॉट वॉज द पॉइंट?”

“मग भांडलो असतो! भांडून गेली असतीस!”

आणि मग सुटलीच दोघं. तो मराठीत, ती इंग्रजीत, आवाज वाढत, हात हवेत. कुणी एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हतं. फ्रीवेवरून घराकडे वळायची आमची एक्झिट पाटीसकट आली आणि मागे गेली. मला ती दिसली होती. मी काही बोलले नाही.